पुजारी घोरत होता

आमच्या मोहल्ला समितीचा वार्षिक मेळावा २६ जानेवारीच्या अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या रविवारी असतो. दीपप्रज्वलन, गुच्छ, पाहुण्यांचा परिचय, सगळं रीतसर होतं. प्रास्ताविक मीच करते आणि ते कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. भिवंडीची माणसं आम्ही, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली; माइक असो नसो, ओरडूनच बोलतो. पाहुणे घड्याळ बघत उठले, की मेळावा खरा सुरू होतो. मग येतात न झालेल्या भांडणांच्या गोष्टी.

ही आमच्याकडची रीत. प्रत्येक गल्लीतल्या एकाने उभं राहायचं आणि वर्षभरात जे होता होता राहिलं, ते सांगायचं. नळावरची बाचाबाची, कापलेला पतंग, अजानच्या वेळी चालू राहिलेला भोंगा, मंडपाचा बांबू कोणाच्या तरी ओट्यावर आलेला. एका वर्षी बकरी ईदच्या आधी एका बकऱ्याने शेजारच्या वृंदावनातली तुळस फस्त केली. मालक स्वतः कुंडीसकट नवी तुळस घेऊन गेला, घरातल्या आजींनी त्याला चहा पाजला. बकऱ्याचं पुढे काय झालं ते सांगायला नको! ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय मोठंसं? पण आमच्या गावात याहून लहान कारणांवरून काय काय झालंय, ते मी पाहिलंय.

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर दंगल पेटली, तेव्हा मी नुकतीच चौथीची परीक्षा दिली होती. आईने आम्हा भावंडांना धान्याच्या कोठीमागे बसवलं होतं. कोठीचा तो वास अजून आठवतो. पुढे न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, अहवाल आला. तरी मे १९८४ मध्ये पुन्हा तेच, आणि तेव्हा मी लग्न होऊन याच गावात दुसऱ्या आळीत नांदत होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. आधीच्या दंगली का झाल्या याचा त्यांनी अभ्यास केला आणि मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान, आणि त्याच सतरंजीवर बीटवरचा हवालदार. पहिल्या बैठकीला मी गेले ती खरं सांगायचं तर कुतूहलाने. वर्गात फळ्यासमोर उभं राहायची सवय, त्यामुळे इतिवृत्ताची वही माझ्या गळ्यात पडली ती आजतागायत. पहिल्या वहीत शांतता हा शब्द शोधून सापडणार नाही. गटार, पाणी, दिवाबत्ती, रेशन. पण गटारासाठी महिन्यातून एकदा मांडीला मांडी लावून बसलेली माणसं एकमेकांची घरं ओळखू लागली. रात्री कोणाचं दार वाजवायचं, हे कळलं.

आता चाचांकडे येते, कारण दरवर्षी मला रडवतात ते चाचाच. ते मागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे, मूळचे उत्तर प्रदेशचे. गोष्ट डिसेंबर १९९२ ची. मुंबई जळत होती. खोपडेसाहेबांची तोवर बदली झालेली, गुलाबराव पोळ उपायुक्त होते. समितीची माणसं रात्र रात्र नाक्यावर बसून असायची. अशा एका रात्री पोरं धावत आली, की पलीकडच्या देवळातली मूर्ती फोडली. तास-अर्ध्या तासात गल्ल्या पेटल्या असत्या. चाचा म्हणाले, चला, बघून येऊ. एका स्कूटरवर तिघं निघाले. चाचा, आमच्या आळीतले शिंपीकाका आणि मध्ये ड्यूटीवरचा हवालदार. देवळाचं दार लोटलं, तर मूर्ती जागच्या जागी, समई तेवतेय आणि...

इथे चाचा थांबतात. अख्खा मांडव एका सुरात ओरडतो, "पुजारी घोरत होता!"

शिंपीकाका दरवर्षी आक्षेप घेतात, की स्कूटर ते स्वतः चालवत होते. चाचा म्हणतात, "तुला कुठे येत होती तेव्हा?" वहीत दोघांचं म्हणणं नोंदवलेलं आहे. हवालदाराला विचारावं, तर निवृत्तीनंतर ते गावी गेले. एका वर्षी गोष्टीत स्कूटरची लुना, म्हणजे चिमुकली मोपेड, झाली होती. लुनावर तीन माणसं कशी बसली, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. तरी त्या घोरण्यापाशी माझा घसा दाटतोच. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत शेकड्यांनी माणसं गेली. ज्या भिवंडीचं नाव काढताच लोक दचकायचे, ती शांत राहिली. वर्तमानपत्रं काय छापणार, पुजारी झोपला होता? नंतर पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे या मंडळींनी मुंबईत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने लावले. आपलं बघून मुंबईने केलं, हे मी प्रास्ताविकात दरवर्षी सांगते. कोणी ऐकत नाही ते वेगळं.

एका मेळाव्यात मात्र चाचा उठले नाहीत. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गावात पेटलं. गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना मारलं. पुढच्या जानेवारीत मी वही उघडली, तर आदल्या वर्षातली चार महिन्यांची पानं कोरी. बैठका झाल्याच नव्हत्या. कोणी बोलावल्या नव्हत्या, मीसुद्धा नाही. चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "इस साल नहीं, बाई." शिंपीकाकांनीही स्कूटरचा विषय काढला नाही. त्या दिवशीचा पुलाव बराचसा उरला.

पुलाव शाकाहारीच असतो. सगळ्यांना चालावा म्हणून, आणि म्हणूनच तो कोणालाच आवडत नाही. यावर वाद घालणारे दरवर्षी पुलावाच्या वेळेलाच उगवतात. हजेरीची वही माझ्याकडे असते, लक्षात असू द्या. कल्याण रोडच्या नव्या इमारतींत राहायला गेलेल्यांना तीनतीनदा निरोप धाडला, ते फिरकले नाहीत. गल्लीत काही झालं की पहिला फोन मात्र त्यांचाच येतो. तरुण पोरं म्हणतात, ग्रुपवर मेसेज टाका. अरे, अफवा त्याच ग्रुपवर येते ना! देऊळ बघायला स्कूटर काढून कोणी तरी जावंच लागतं.

आता आभार. नावं छापू नका असं सगळ्यांनी बजावलंय, आणि गाळली की तेच रुसतात. म्हणून कामं लिहिते, ज्याने त्याने ओळखून घ्यावं. आवार देणारे सायझिंगवाले (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याचे) शेठ. दोन तास माग बंद ठेवणारे शेजारचे कारखानदार, आणि त्या दोन तासांची मजुरी न कापणारा त्यांच्यातला एक (बाकीच्यांनी विचार करावा). दारात पहाटे रांगोळी घालणाऱ्या पद्मानगरच्या मावश्या. मशिदीतून आणि देवळातून आलेल्या सतरंज्या, ज्या दरवर्षी अदलाबदल होऊनच परत जातात. डेगीपाशी चार तास उभे राहिलेले दोघे भाऊ. निजामपुऱ्याहून शीरकुर्मा पाठवणाऱ्या आपा, तो ईदला नव्हे, मेळाव्यालाच. माइकवाला, दोनदा बंद पडला तरी. रजा टाकून आलेले सध्याचे बीट हवालदार. खुर्च्या मोजून परत करणारी नववीतली मुलं. एक कमी भरली, ती सापडली. चहावाले अण्णा, कपांसकट. चाचांना रिक्षातून आणणारा त्यांचा नातू आणि परत सोडणारे शिंपीकाका.

पंखे कोणी दिले होते, ते काही केल्या आठवत नाहीये. दोन उभे पंखे, एकाची जाळी निळी. ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत, आणि वहीत सही करावी.