कोल्हापूरहून मॅमिलारिया आणला, दोन बोटं वाटेत गेली

मागं एका रविवारी पॅसेंजरनं मिरजेहून कोल्हापूरला गेलो, काम एकच, मॅमिलारिया इलाँगाटा, म्हणजे बोटांसारख्या खोडांचा छोटा कॅक्टस. ओळखीतल्या एका काकांच्या राजारामपुरीतल्या गच्चीवर नुसते कॅक्टस.

वाटेत एका टपरीवर हाच कॅक्टस डोक्यावर भडक गुलाबी फूल घेऊन बसलेला, नखानं जरा उचकटलं तर गोंदानं चिकटवलेलं सुकं फूल! याचं खरं फूल एवढुसं, फिकट पिवळं, आणि ते शेंड्यावर मधोमध येत नाही, थोडं खाली गाठींच्या बेचक्यातून येतं, जास्त आली की गोल कडंच होतं. हे माहीत असलं की फसत नाही माणूस.

काकांच्या कुंडीत मात्र चाळीसेक बोटांचं बेट, बुडातून पिल्लं फुटत फुटत झालेलं, कडेची बोटं तर खाली लोंबायला लागलेली. कुठलं करंगळीएवढं, कुठलं अंगठ्याएवढं जाड, गाठी मळसूत्रासारख्या फिरत वर गेलेल्या आणि प्रत्येक गाठीच्या टोकाला पिवळ्या काट्यांची चांदणी. काटे मागं वळून एकमेकांत गुंतलेले, त्यामुळं हलक्या हातानं कुरवाळलं तरी फारसं टोचत नाही, काकांनी मला कुरवाळायलाच लावलं. मूळचा हा मेक्सिकोतल्या हिदाल्गो, केरेतारोकडचा, कोरड्या हवेतला, आणि आपल्याकडं जुलैत नुसता पाऊस, दिवसच्या दिवस ऊन नाही, म्हणून काकांनी पाऊस अडून उजेड यावा असा वर पारदर्शक पत्रा घातलाय. पाणी किती घालू विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडं तहानेनं एक मेला नाही बघा, मेले ते सगळे लाडानं मेले." माती पूर्ण सुकल्याशिवाय घालायचं नाही, पावसाळ्यात तर जवळपास बंदच.

माझी चूक म्हणजे कुंडीसकट आणला. परतीला गाडीत मरणाची गर्दी, कुणाची तरी पिशवी लागली आणि दोन बोटं टपकन तुटली, जोड फार नाजूक असतो याचा. तुम्ही जाणार असाल तर माती झाडून नुसतं रोप मागा, पेपरात सैल गुंडाळून खोक्यात घाला आणि खोकं मांडीवर ठेवा. घेताना बुड दाबून बघा, मऊ तपकिरी लागलं तर फुकट दिलं तरी नको. आणि तांबडा-पांढरा खायचा तर रोप घ्यायच्या आधी खा, हातात खोकं घेऊन रस्सा जमत नाही.

तुटलेली बोटं फेकली नाहीत, आठवडाभर सावलीत ठेवून जखम सुकवली, मग जाड वाळूच्या मिक्सवर नुसती टेकवली. परवा एकाला पांढरं मूळ दिसलं, दुसरं अजून विचार करतंय.