तुम्ही विचारलंत म्हणून: म्हैसूरला जाऊन मी राजवाड्याऐवजी डोंगरावर का जाते

माझी बहीण लग्न होऊन म्हैसूरला गेली तेव्हापासून माझी दर एक-दोन वर्षांनी तिकडे फेरी होते, आणि परत आले की प्रत्येकजण तेच विचारतो, राजवाडा बघितलात ना? मी म्हणते नाही, चामुंडी डोंगरावर गेले होते. मग पुढचा प्रश्न, दर वेळी डोंगरच का, राजघराण्याचं एवढं वेड आहे तर राजवाडा का नाही?

तर सांगते. म्हैसूरचं वाडियार राजघराणं मला जे काही कळलं ते डोंगरावर कळलं. खालचा राजवाडा सुंदरच आहे, रविवारी दिवे लागले की डोळ्यांचं पारणं फिटतं, पण तिथे राजा राजासारखा दिसतो. वर तो भक्त दिसतो. डोंगरावर त्यांची कुलदेवता चामुंडेश्वरी, तिच्या मंदिरात गाभाऱ्यापाशी मुम्मडी कृष्णराज वाडियार म्हणजे तिसरे कृष्णराज, त्यांचा पुतळा आहे, पुरुषभर उंच, हात जोडलेले, सोबत तीन राण्या. मंदिराचं गोपुर 1827 मध्ये त्यांनीच करून घेतलं. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी दर्शनाला उभं आहे, मी थोडी बाजूला सरकले सुद्धा त्यांच्यासाठी. ज्याची सत्ता होती त्यानं स्वतःला कायमचं असं हात जोडून उभं करून ठेवलंय, हे मला फार भिडलं.

आणि पायऱ्या. हजारावर आहेत. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वाडियारांनी बांधल्या, वाटेतला एका दगडातला भलामोठा नंदी पण त्यांच्याच काळातला. गाडीनं वर जाता येतं पण मी पायऱ्यांनीच जाते. गेल्या वेळी माझ्यापुढे एक आजी होत्या, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात हळद आणि कुंकवाच्या पुड्या, आणि त्या प्रत्येक पायरीला वाकून आधी हळदीचं बोट मग कुंकवाचं बोट लावत होत्या, एकही पायरी न सोडता. मी दहा पायऱ्या त्यांच्यासोबत वाकले आणि कंबर धरली, त्या मात्र माझ्याकडे बघून हसल्या, कन्नडमधे काहीतरी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. सगळ्या पायऱ्या अशाच पिवळ्या-लाल झालेल्या असतात, कुणाकुणाच्या बोटांनी.

वर राजेंद्र विलास नावाचा राजांचा पांढरा महाल आहे, नाल्वडी म्हणजे चौथ्या कृष्णराजांनी बांधलेला, मध्यंतरी तिथे हॉटेलही चाललं. उन्हाळी महाल म्हणतात त्याला. आता बघा, थंड हवाच हवी असती तर ऊटीला त्यांचा फर्नहिल महाल होताच की, उंची जवळपास दुप्पट, खरी थंडी तिथे. चामुंडी डोंगर साधारण 1,060 मीटर, म्हैसूरपेक्षा तीनेकशे मीटर वर, हवेत असा काय मोठा फरक पडणार? माझं आपलं मत असं की हा महाल हवेसाठी नव्हताच, देवीच्या शेजारी राहायला होता. हेच नाल्वडी 1931 मध्ये कैलास-मानसरोवरलाही जाऊन आले, म्हणजे ओढ कुठली होती ते कळतंच.

त्यांच्यानंतरचे जयचामराजेंद्र वाडियार तर अजूनच वेगळे. पियानोचं रीतसर शिक्षण घेतलेले, लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष, आणि तेच पुढे श्रीविद्या म्हणजे देवीच्या उपासनेत इतके रमले की कर्नाटक संगीतात 94 कृती रचल्या, मुद्रा म्हणजे रचनेत येणारी रचनाकाराची खूण 'श्रीविद्या', स्वतःचं नाव नाही. ताई गाणं शिकते, तिच्याकडून यातल्या दोन-तीन ऐकल्या, शब्द कळत नाहीत सगळे पण त्यात मागणं नाहीये, नुसतं स्तवन आहे, ते कळतं.

दसऱ्याची अंबारी तुम्ही टीव्हीवर बघितलीच असेल, लाकडावर सोन्याचा पत्रा चढवलेली, 750 किलोची म्हणतात. आधी त्या अंबारीत राजा बसायचा. 1971 ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि साधारण त्याच सुमाराला राजाची स्वारीही थांबली, तेव्हापासून अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती असते. मला यात कुणाचं काही गेलं असं कधी वाटलंच नाही, उलट जिची जागा तिला मिळाली असं वाटतं. दसरा झाला की डोंगरावर देवीचा रथ निघतो, तेव्हा दोर ओढायला आजही घराण्यातली मंडळी येतात.

आषाढात शुक्रवारी वर मुंगी शिरायला जागा नसते, त्याच महिन्यात देवीची वर्धंती म्हणजे जन्मोत्सव, त्यालाही राजघराणं येतं. यंदा ताई म्हणाली आषाढातच ये, गर्दी असू दे. मी येते म्हटलंय, आणि या वेळी हळद-कुंकू माझं मी नेणार आहे, निदान नंदीपर्यंतच्या पायऱ्या तरी सोडायच्या नाहीत.