ड्राय म्हणजे हलकी नव्हे

"घ्या हो काकू, ड्राय वाइन आहे. हलकी असते, हृदयाला चांगली." मैत्रिणीने आईपुढे ग्लास सरकवला. आईने आधी माझ्याकडे पाहिलं. तिची बीपीची गोळी रोज मीच देते.

द्राक्षातली साखर जवळजवळ सगळी आंबून गेली, की वाइनला ड्राय म्हणतात. आणि त्या साखरेचंच तर अल्कोहोल होतं! १३ टक्क्यांच्या १५० मिलीलिटर वाइनमध्ये साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. (जीभ कोरडी पडते ती टॅनिन नावाच्या तुरट घटकामुळे, ते वेगळंच.)

'हृदयाला चांगली' हे मीही वर्षानुवर्षं ऐकत आले. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

आईने ग्लास हळूच परत सरकवला. मैत्रीण प्रेमानेच देत होती हो. तिला न दुखवता हे कसं सांगू?