झाडीपट्टीचे तलाव: नकाशा कुठवर आला

मंडळी, पावसाळ्यात बाजूला पडलेला झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, जुन्या तलावांचा नकाशा दिवाळीनंतर पुन्हा हाती घेतलाय. भंडारा आणि गोंदियाचा बराचसा भाग डिजिटाइज झालाय, चंद्रपूर अर्धवट आहे, गडचिरोलीला अजून हातच लावलेला नाही.

आधी कटकटीचं बोलून घेते. टोपोशीटच्या, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशापत्रकांच्या, जुन्या जाळीत 55 ओ/16, 55 पी/13, 64 सी/4 आणि 64 डी/1 ही चार पत्रकं 21 अंश उत्तर आणि 80 अंश पूर्व या बिंदूवर एकत्र येतात. हा बिंदू पडतो साकोलीच्या थोडा खाली, म्हणजे नेमका तलावांच्या गर्दीत. त्यामुळे एखादा तलाव अर्धा एका पत्रकात, अर्धा दुसऱ्यात, आणि दोन्हींची सर्वेक्षणं वेगळ्या वर्षांची. एकीकडे पाणी निळं भरलेलं, दुसरीकडे नुसती कोरडी बाह्यरेषा. पाण्याच्या कडेवर विसंबून इथे काही जुळत नाही, कारण ती दर महिन्याला सरकते. मी पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, धरून जुळवते. तलावाच्या तीन बाजू ओबडधोबड, जमिनीच्या चढउतारानुसार वळलेल्या असतात. चौथी बाजू पट्टीनं ओढल्यासारखी असते, तीच पाळ. ती दीडशे-दोनशे वर्षं जागची हलत नाही. जिओरेफरन्सिंगला, म्हणजे जुना नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायला, याहून भरवशाचे बिंदू मला या भागात मिळालेले नाहीत.

उपग्रहचित्रांचं म्हणाल, तर सेंटिनेल उपग्रहांची नोव्हेंबर-डिसेंबरची चित्रं घ्या. ऑगस्टमध्ये ढग असतातच, शिवाय धानाच्या बांध्यांमध्ये पाणी उभं असतं, त्यामुळे चित्रातून पाणी वेगळं काढणारा निर्देशांक काढला की अख्खा तालुका तलाव दिसायला लागतो. पण हिवाळ्यातही एक फसवणूक आहेच. शिंगाडा, कमळ किंवा बेशरम नावाचं तण माजलेला तलाव निर्देशांकात पाणी म्हणून येतच नाही, हिरवं शेत म्हणून येतो. असे तलाव डोळ्यांनी शोधून हातानं काढावे लागतात. जमिनीची उंची 30 मीटरच्या चौकोनांत देणाऱ्या जाळीचाही पाळ ओळखायला उपयोग नाही. तीन-चार मीटर उंचीची मातीची भिंत त्या चौकोनात विरून जाते. पाणलोटाची सीमा काढायला मात्र ती चालते.

आता या खेपेचा मुख्य बदल सांगते. तलावांना राजवटीप्रमाणे रंग द्यायचा, म्हणजे वाकाटक, गोंड, भोसले, इंग्रज असे थर करायचे, हा बेत मी मोडीत काढलाय. का, ते जरा सविस्तर सांगते.

वाकाटकांच्या थरात मोजके ठिपके पडतात: नगरधन, म्हणजे जुनं नंदिवर्धन, मनसर, आणि रामटेकचं केवल नरसिंह मंदिर, जिथल्या शिलालेखात सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख आहे. खरा मोहरा झाडीपट्टीबाहेर वाशीमजवळ आहे. हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात देवसेन राजाचा सेवक स्वामिल्लदेव यानं सुदर्शन तलाव बांधल्याची नोंद आहे, आणि वर्ष दिलंय शक 380, म्हणजे इसवी सन 458. एरवी वाकाटक आपल्या राज्यवर्षाच्या आकड्यावर भागवतात, म्हणून हा लेख अभ्यासकांचा लाडका आहे. गंमत बघा, गिरनारच्या पायथ्याशी मौर्यांच्या काळापासूनचा जो तलाव होता त्याचंही नाव सुदर्शनच, आणि तो गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळात फुटून पुन्हा बांधला गेला तो साधारण याच दोन-तीन वर्षांत. वऱ्हाडातल्या नव्या तलावाला ते नाव देणाऱ्याच्या कानावर गिरनारची कीर्ती आलेली असणार, असा माझा अंदाज. पण बघा, राजाच्या काळातला तलाव म्हणून आपण खूण करतो आणि लेखात बांधणारा म्हणून नाव येतं सेवकाचं.

गोंडांच्या थरात तर हे आणखी ठळक होतं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, हिरशहा या गोंड राजाबद्दलची परंपरा लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 1869च्या जमाबंदी अहवालात नोंदवलीय: जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. वंशावळ तोंडी आहे, हिरशहाच्या सनावळीवर मी काही मांडणार नाही. पण व्यवहार बघा. खजिन्यातून पैसा न काढता राजानं पाणी उभं केलं. अशा गावांना तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातली तुकूम वस्ती आजही त्याच नावाची आहे. टोपोशीटवर तुकूम शेपटीची नावं गाळून घेतली, की जवळपास तलाव सापडतो का तेवढं तपासायचं. हा फिल्टर ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे छान चालतोय.

आणि तलाव बांधले कुणी? मुख्यतः कोहळी या शेतकरी समाजानं. चांद्याचा राजा काशीयात्रेला गेला, तिथली यांची उसाची शेती पाहून त्यांना घेऊन आला, अशी त्यांची आख्यायिका. खरीखोटी कशीही असो, ऊस आणि तलाव ही जोडी खरी आहे. धानाला तलाव लागतो तो हस्ताचा पाऊस दगा देतो तेव्हा, धान निसवायच्या वेळी एखाद-दुसरं पाणी म्हणून. ऊस मात्र उन्हाळ्यातही पाणी मागतो. म्हणून कोहळ्यांचे मोठे बांध खोल आहेत, आणि जागा अशा निवडल्यात की डोंगरांमधली छोटीशी खिंड बुजवली की काम झालं. नवेगावबांध याचा नमुना. सात बहिणी डोंगरांच्या मधे साधारण 11 चौरस किलोमीटर पाणी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीनं अडवलेलं. कोलू पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर. आता सांगा, याला रंग कोणता द्यायचा? गोंड सत्ता उतरणीला लागलेली, 1751ला चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, पाळ आपली जागच्या जागी.

वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार हा दुसरा शेतकरी समाज आला माळव्याकडून. कटकच्या मोहिमेत भोसल्यांना साथ दिल्याबद्दल त्यांना नदीच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या. त्यांची पोवारी, हलब्यांची हलबी, गोंडी, आणि सगळ्यांना समजणारी झाडीबोली, एवढ्या भाषा एका तलावाच्या लाभक्षेत्रात नांदतात. पाण्यावर हक्क कोहळी-पोवारांच्या शेताचा, माशांवर आणि शिंगाड्यावर ढिवर मच्छीमारांचा, पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटातल्या गाळपेरीचा आणखी कुणाचा, वर पाणलोटातल्या मोहाचा नि तेंदूचा बहुधा गोंडांचा. एकाच चौकोनात महिन्यागणिक मालक बदलतो. हा थर मला नकाशावर हवाय, राजांचा नको.

म्हणून नवी रचना अशी: प्रत्येक तलावाला एकच पॉलिगॉन न ठेवता पाळ, पोट, लाभक्षेत्र आणि पाणलोट असे चार तुकडे, आणि प्रत्येकाला हक्काचा वेगळा रकाना. काम चौपट झालंय, ते मान्य. पण साखळीतले तलाव आता एकदम कळतात: वरच्याचा सांडवा खालच्याच्या पाणलोटात उतरतो, आणि वरची पाळ फुटली तर खाली काय होईल ते बाण काढून दाखवता येतं.

इंग्रजी अमलाचं फार लांबवत नाही. जमाबंदीत मालगुजार गावाचे मालक ठरले, तलाव त्यांच्या नावे लागले. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि पुढल्या वर्षापासून तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासूनचं सरकारी नाव माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तिथून लटकला. माझ्या मते नुकसान मालकी बदलल्यानं कमी, गावातलं पाणी वाटणं आणि पाळ राखणं यांचा धनी हरवल्यानं जास्त झालं.

हक्कांचे रकाने भरायला आधार लागतो तो वाजिब-उल-अर्जचा, ज्यात गावाचे पाण्याचे रिवाज जमाबंदीच्या वेळी लिहून घेतले होते. अर्जुनी मोरगाव आणि साकोली तालुक्यांतल्या काही गावांच्या नकला मिळाल्यात. मोडी नाही, देवनागरी आहे, पण हस्ताक्षर असं की दिवसाला एखादं पान उलगडलं तरी पुष्कळ. कुणाकडे लाखांदूर किंवा सिंदेवाहीकडच्या नकला असतील तर सांगा, मी वाचून टंकून परत देईन. आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच तुकड्यावर दोन ऋतूंचे दोन हक्क दाखवायची सुटसुटीत शैली कुणी बसवली असेल तर ती फाइल पाठवा. मी सध्या तिरप्या रेषांवर भागवतेय आणि छापल्यावर ते भयंकर दिसतंय.