धुतलेली नाणी

नाण्यांच्या प्रदर्शनाच्या तीन दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य बोललो, ते किमतीचं नव्हतं. ते होतं, "काकू, धुवू नका." कधी काकू, कधी काका, कधी दादा, एकदा तर चक्क एक कीर्तनकार बुवा. संबोधन बदलायचं, वाक्य तेच. दुसऱ्या दिवशी घसा बसला म्हणून पुठ्ठ्यावर मार्करनं 'कृपया धुवू नका' असं ठळक लिहिलं आणि टेबलावर उभं केलं. अर्ध्या तासात एक गृहस्थ आले, पाटी वाचली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "का हो, पाणी गेलंय का?"

मी नाण्यांचा व्यापारी आहे, पण व्यापारी म्हणून डोळ्यांसमोर जो येतो तसा नाही. बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. चिल्लरच्या पिशव्या मोजता मोजता एखादं वेगळं नाणं दिसलं, की आपल्या खिशातलं त्याच किमतीचं आत टाकायचं आणि ते काढून घ्यायचं, ही सवय लागली. निवृत्तीनंतर सवयीचा धंदा झाला एवढंच. घर ठाण्यात, नौपाड्यात. या खेपेचं प्रदर्शन वाशीला, सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात. अहमदाबाद, कोलकाता, चेन्नई, कुठून कुठून डीलर आलेले. पूर्ण टेबलाचं भाडं झेपेना म्हणून इंदूरच्या एका डीलरबरोबर अर्धं अर्धं घेतलं. मधोमध चिकटपट्टी लावून आम्ही सरहद्द आखली आणि पहिल्या चहालाच त्याचा कप माझ्या हद्दीत आला.

नाणी जड असतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. किलोत पंच्याऐंशी बसतात, आणि माझ्या बॅगेत तांबंच जास्त होतं. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ऐरोलीला चढलेल्या एका मुलानं बसायला जागा करण्यासाठी माझी बॅग पायानं सरकवायला पाहिली. ती हलली नाही. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि कोपरखैरण्यापर्यंत उभाच राहिला.

पहिल्या दिवशी भवानी झाली ती कमळाच्या वीस पैशांनी. १९६८ पासून तीन-चार वर्षं निघालेलं ते पिवळं नाणं घेताना पन्नाशीचा गडी असा हसला, की मी पाच रुपये आपणहून सोडले. असे गिऱ्हाईक भेटले की बरं वाटतं. बाकीचे बरेच जण विकायलाच आलेले असतात. वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं, ट्रॅक्टरची पाचाची नोट, ७८६ आकड्याची नोट. मोबाइलवर कुणीतरी लाखांचे आकडे दाखवलेले असतात. 'हे आकडे दाखवणारे आधी तुमच्याकडूनच फी मागतील' हे सांगून जीभ झिजली. रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये लोकांना याबद्दल सावध केलं होतं. पण त्यांचं कोण ऐकतं, आणि माझं तर त्याहून कोण.

तर, धुण्याकडे येतो.

दुपारी दोनच्या सुमारास कोपरखैरण्याच्या एक काकू आल्या. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, हातात लोणच्याचा असावा तसा स्टीलचा डबा. टेबलाशी येऊन त्यांनी दम खाल्ला आणि झाकण उघडलं. आत जुन्या लुगड्याच्या फडक्याची पुरचुंडी. ती सोडली आणि आमचं अर्धं टेबल उजळून निघालं. अठरा-वीस शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे. नव्या तांब्याभांड्यासारख्या गुलाबी, लख्ख. चिंचेचा वास अजून येत होता.

"ओळखल्यात का?" काकूंनी विचारलं.

"शिवराया आहेत. काकू, धुतल्यात?"

"मग! काल दुपारभर बसले होते. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. चार पाणी बदललं तेव्हा कुठं काळं जायचं थांबलं."

मी एक उचलली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची कड. म्हणजे असायला हवं. शिवराईचा ठसा बऱ्याचदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अक्षरं कडेबाहेर जातात. कुणावर 'राजा' सापडतो तर 'श्री' नाही. जे काही उमटलं होतं त्यालाही शेंडीनं गोलाई आली होती. 'व'च्या पोटातली पोकळी बुजून नुसता फुगवटा राहिला होता. एकीवर मधे दोन दांड्या दिसत होत्या, ती दुदांडी, पेशवाईतली. बाकीच्याही पेशवाईतल्याच वाटत होत्या.

हे सांगणं मला सगळ्यात अवघड जातं. घराघरात जपलेली शिवराई महाराजांच्या हातची असते, अशी श्रद्धा असते. राज्याभिषेक १६७४ चा, नाणं तेव्हापासूनचं खरं. पण पुढं शे-दीडशे वर्षं तेच नाव घालून ते कुठल्या कुठल्या टांकसाळीत पडत राहिलं आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात चालत राहिलं. माणूस गेल्यावरही ज्याच्या नावाचा पैसा चालतो, त्याची पत केवढी! मला तर हीच गोष्ट जास्त मोठी वाटते. पण समोरच्याला 'हे महाराजांच्या काळातलं नाही' एवढंच ऐकू येतं.

काकूंना ते फारसं लागलं नाही. लागलं ते पुढचं. धुतल्यामुळे भाव निम्म्याच्या खाली येतो म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, स्वच्छ केल्यावर कमी? भांडीवालीसुद्धा घासलेल्या पातेल्याचे जास्त देते."

मग मी माझं नेहमीचं पुराण लावलं. तांब्यावर हवेनं, घामानं, फडक्यात राहून राहून तपकिरी थर चढतो. तो मळ नाही, तांब्याची कातडीच आहे. आमच्याकडे त्याला पॅटिना म्हणतात. तो चढायला शंभर वर्षं लागतात आणि चिंचेला तो विरघळवायला दहा मिनिटं पुरतात. खालचं उघडं तांबं पुन्हा काळं पडतंच, पण आता डागाडागानं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं आणायच्या म्हणून धुतल्या हो. पाहुण्यांत न्यायच्या आधी पोरीचं तोंड धुतोच की आपण."

यावर काय बोलणार? इंदूरवाला मराठी समजत नाही असं मी समजत होतो, पण तोही खाली बघून हसला.

पुरचुंडी पुन्हा बांधताना फडक्याच्या शिवणीतून आणखी एक शिवराई टपकन पडली. चॉकलेटी, मऊ, जुन्या उंबऱ्यासारखी. 'श्री राजा शिव' पुरतं, ठिपक्यांच्या कडेसकट. इतकी वर्षं त्या शिवणीत अडकून राहिलेली.

"अगंबाई, ही राहिलीच!" म्हणून काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं, ओलं केलं आणि घासायला घेतलं. मी टेबलावरून झेपावलो. चहा सांडला, माझ्याच हद्दीत. "काकू, नको! ही मी घेतो." आणि खरंच बरा भाव सांगितला. जरा जास्तच सांगितला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली. "चांगली आहे म्हणता ना? मग ही देवाजवळ ठेवते." धुतलेल्यांतल्या दहा त्यांनी मला विकल्या, घासाघीस न करता. चांगली घरी नेली. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. त्या शिवराईची काळजी मला अजून वाटते.

खरं सांगायचं तर आम्हीही धुतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणं बरीच वर्षं राहिलं की त्यावर हिरवट चिकट थर येतो. तो काढायला ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. धातूला धक्का लागत नाही, चिकटा तेवढा जातो. काही जण याच्या बरेच पुढे जातात, ते कुणी कबूल करत नाही. काकूंनी केलं तर ते धुणं, आम्ही केलं तर संवर्धन.

दुसऱ्या दिवशी उलटा मामला आला. तिशीचा एक माणूस, शर्टाचं वरचं बटण उघडं, आवाज खाली. 'घराचा पाया खणताना सापडल्या' म्हणून त्यानं दहा शिवराया काढल्या. मातकट, हिरव्या, पाहिजे तेवढ्या जुन्या. मी एक नाकाशी नेली. चायनीजच्या गाडीवर येतो तो वास. व्हिनेगर. मग दहाही ओळीनं मांडल्या. दहाही जणींच्या 'राजा'च्या कान्यापाशी एकसारखी खाच, एकसारखी खोल. हातानं ठोकलेली दोन नाणी जुळी निघत नाहीत. एक ठसा जरा तिरका, एक चकती जरा जाड. सगळ्यांना एकाच जागी एकच खोक असेल तर त्या एका साच्यात ओतलेल्या. गेल्या महिन्यात ओतून, व्हिनेगर-मिठात पुरून म्हाताऱ्या केलेल्या.

"धुवून आणा," मी म्हणालो. तीन दिवसांत एवढा एकदाच.

त्याला ते कळलं नाही. मग सांगितलं की खरोखर जमिनीत सापडल्या असतील, तर १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. 'ठाण्याला जाऊन येतो' म्हणाला. गेला तो गेलाच, चहासुद्धा अर्धा ठेवून.

काय गंमत आहे बघा. घरचे लोक जुनी नाणी नवी करण्यात गुंतलेत आणि हे नवी नाणी जुनी करण्यात. दोघांच्या मधे चिकटपट्टीएवढी जागा, तिथं आम्ही बसलेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, सानपाड्याची एक शाळकरी मुलगी बाबांबरोबर आली. बाबा फोनवर, ही माझ्या भिंगावर. मी तिला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया दिला. म्हटलं, राजाच्या अंगरख्यावर हत्ती आहे, शोध. हा हत्ती भलता गाजला होता. सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. लोक भयंकर चिडले. सरकारनं ती नाणी मागे घेतली आणि १९१२ मध्ये नीट सोंडेचा हत्ती कोरून नवी काढली. डीलर लोक अजून त्याला डुक्करछाप म्हणतात.

मुलीनं खूप वेळ शोधलं. डोळा बारीक केला, नाणं फिरवलं. "काका, काहीच नाहीये इथे."

मी बघितलं. खरंच नव्हतं. हा रुपया मी एका लॉटमध्ये घेतला होता, आणि त्याला कुणीतरी पूर्वी मनापासून चकाकी आणली होती. अंगरखा सपाट. हत्तीही गेला आणि डुकरही गेलं. मग तिला कोरं म्हणजे काय ते दाखवावं म्हणून १९६९ चा गांधीजींचा दहा रुपयांचा चांदीचा दिला, कधी कुणाच्या हाती न खेळलेला. दिव्याखाली तिरका फिरवला की प्रकाशाचा पट्टा नाण्यावरून पंख्याच्या पात्यासारखा गोल फिरतो. ठशाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे पसरतो, त्याच्या बारीक रेघा राहतात. घासलं की पहिल्या त्या जातात, आणि मग नाणं नुसतं टिकलीसारखं चकाकतं. ती कितीतरी वेळ तो फिरवत राहिली. बाबांचा फोन संपला आणि त्यांनी विचारलं, "याचे पुढे किती येतील?" मी म्हटलं, पोरीला विचारा.

रात्री घरी पोचलो तर आई बाल्कनीत देवघर मांडून बसली होती. दिवाळीच्या आधी देव घासायचा तिचा दिवस ठरलेला. तांब्या-पितळेचं सगळं होऊन चांदीवर आली होती. चांदीला ती रांगोळी लावते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, हे मी तिला एकदाच सांगितलंय, १९९४ साली.

देवघरात आमचा एक राणीछाप आहे, १८६२ चा. ते साल ऐकून येणारा-जाणारा थक्क होतो. मला ठाऊक आहे की सरकारनं पुढं दहाएक वर्षं रुपयावर १८६२ हेच साल छापलं आणि तो सगळ्यात सहज मिळणारा रुपया आहे. आईला मी हे सांगितलेलं नाही. पणजीच्या लग्नातला तो. एकदा गुपचूप वजनकाट्यावर ठेवला होता, साडेदहा ग्रॅमही भरला नाही. ग्रॅमभर चांदी दर दिवाळीला थोडी थोडी मोरीतून वाहून गेली.

"किती झाले?" आईनं विचारलं.

"भाडं सुटलं."

"बरं झालं. हे जरा घे, माझी बोटं आखडलीत." आणि तिनं रुपया माझ्या हातावर ठेवला, वर चिमूटभर रांगोळी.

खाली बसलो. राणीचा मुकुट माझ्या लहानपणीच गेलाय, कानाची जागा आता नुसत्या बोटालाच कळते. अंगठ्यानं हलकेच घासलं, अगदी वरवर, पाण्याखाली धरलं आणि बाल्कनीच्या दिव्याकडे तिरका केला. नाक आहे अजून.

"मागच्या बाजूनं पण," आई म्हणाली.