सतरा पौंड भरायचे कोणी? प्रिटोरियाच्या अभिलेखागारातला माझा अनुभव

जोहान्सबर्गात नोकरीला असलेल्या मराठी माणसाकडून दिवाळी अंकवाल्यांना गांधीजींवरचाच लेख हवा असतो. मीही तोच लिहायला घेतला होता. गांधीजींच्या ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकाचे 1904 नंतरचे अंक चाळताना चिनी खाणमजुरांचा विषय पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला आणि मी त्यातच अडकलो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बोअर युद्धानंतर जोहान्सबर्गभोवतालच्या विटवॉटर्सरँडमधल्या सोन्याच्या खाणींना मजूर मिळेनात, कारण कमी केलेल्या मजुरीवर राबायला आफ्रिकी कामगार तयार नव्हते. मग ट्रान्सव्हाल या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने 1904 साली मजूर आयातीचा कायदा केला आणि चीनमधून, त्यातही मुख्यतः शानतुंग आणि चिहली या उत्तरेकडच्या प्रांतांतून, 63,000 हून जास्त माणसं आणली. करार तीन वर्षांचा. राहायचं खाणीच्या कंपाउंडात, बाहेर पडायचं तर परवाना, तोही जास्तीत जास्त 48 तासांचा. दुकान टाकायचं नाही, जमीन घ्यायची नाही, कुशल काम करायचं नाही आणि करार संपला की सक्तीने मायदेशी. माझा प्रश्न मधल्या काळाचा होता. मुदतीआधी परत जायचंय पण खिशात दमडी नाही, अशा मजुराचं काय व्हायचं?

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूची आहे, एनएएआयआरएस नावाची. नुसतं ‘चायनीज लेबर’ टाकलं तर नोंदींचा पूर येतो. संग्रह ‘टीएबी’ म्हणजे ट्रान्सव्हालचा निवडा आणि मूळ खातं ‘एफएलडी’ म्हणजे फॉरेन लेबर डिपार्टमेंट. हे खातं याच मजुरांसाठी उघडलेलं होतं. त्याचा पहिला सुपरिटेंडेंट विल्यम एव्हान्स मलायातून आणलेला, तिथे चिनी मजुरांचं काम बघितलेला. गव्हर्नरचा पत्रव्यवहार हवा असेल तर ‘जीओव्ही’. प्रत्येक नोंदीचा खंड क्रमांक आणि संदर्भ क्रमांक घरूनच उतरवून न्या, मागणीच्या चिठ्ठीवर तोच लिहायचा असतो.

अभिलेखागार प्रिटोरियाच्या हॅमिल्टन स्ट्रीटवर आहे. पासपोर्ट जवळ ठेवा, पेन नको, पेन्सिल न्या. फोटो काढायचे तर आधी विचारा. फाइल उलट्या बाजूने वाचायची सवय करावी लागते, कारण नवा कागद वर लावलेला असतो आणि भांडण जिथे सुरू झालं तो कागद तळाशी. त्यात वेगवेगळ्या हस्ताक्षरांतले शेरे. कोणी कोणाला डिवचलंय ते टाइप केलेल्या पत्रापेक्षा या शेऱ्यांतच जास्त कळतं! आणखी एक गोष्ट: मजूर नावाने सापडेल अशी आशा धरू नका. इंग्रज कारकुनाने चिनी नाव कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं. प्रत्येकाला नंबर होता, बोटांचे ठसे घेतलेले होते, म्हणून वहीत खाणीचं नाव आणि नंबर अशा जोड्या मांडायच्या.

हे सगळं करण्याआधी ब्रिटिश पार्लमेंटच्या चर्चा वाचून जा. त्या नेटवर फुकट आहेत आणि मेख तिथेच सापडते. कायद्याप्रमाणे मजुराला केव्हाही परत जायची मोकळीक होती; फक्त त्याला आणण्याचा आणि परत पाठवण्याचा खर्च त्याने भरायचा. हा खर्च सतरा पौंडांच्या घरात जायचा. हिशेब केला आणि मी चाटच पडलो. सतरा पौंड म्हणजे 340 शिलिंग आणि सुरुवातीची किमान मजुरी दहा तासांच्या दिवसाला एक शिलिंग. म्हणजे पोटाला चिमटा घेऊन वर्षभर राबल्यावर जी मिळणार, ती मोकळीक! त्यातून घरी पाठवायची रक्कम वजा झाली की संपलंच.

1906 च्या जानेवारीत लिबरल पक्ष ‘चिनी गुलामगिरी’वर रान उठवून निवडणूक जिंकला. मजूर आणण्याचे नवे परवाने थांबवले गेले, पण आधी दिलेले रद्द करता येईनात. तेव्हा वसाहतमंत्री एल्गिन आणि त्यांचे दुय्यम मंत्री चर्चिल यांनी तोडगा काढला: ज्याला जायचंय पण ऐपत नाही, त्याचं भाडं सरकार भरेल आणि तशी चिनी भाषेतली नोटीस कंपाउंडात लागेल. खाणमालक भडकले. गव्हर्नर सेलबर्न यांना मसुदा म्हणजे करार मोडायचं आमंत्रण वाटला. मग शब्द बदला, सूर खाली आणा, नोटीस कुठे लावायची ते ठरवा, असा खल सुरू झाला. फटक्यांच्या शिक्षेचं प्रकरण याच काळात गाजत होतं, ते मी मुद्दाम बाजूला ठेवलं; त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. नोटिशीच्या या घोळाकडे मात्र कमी लोक बघतात, आणि मला तोच जास्त बोलका वाटतो. त्या कफल्लक माणसाला नेमकं काय हवंय, हे त्याला विचारायचं सोडून दोन्ही बाजू त्याच्या वतीने भांडत होत्या.

अर्ज अपेक्षेपेक्षा फारच थोडे आले. मालक म्हणाले, बघा, मजूर खुशीत आहेत. माझं मत वेगळं आहे. जो मजूर रोज याच साहेबांच्या हाताखाली राबतो, तो आपण कंगाल आहोत आणि आपल्याला इथे राहायचं नाही, हे सरकारदरबारी लिहून द्यायला सहजासहजी धजावेल का? शिवाय अनेकांच्या घरच्यांना त्यांच्या मजुरीतला वाटा जात होता. रिकाम्या हाताने गावी परतणं कोणाला परवडणार होतं?

पुढचं पटकन सांगतो. 1907 मध्ये ट्रान्सव्हालात बोअर नेते लुई बोथा यांचं सरकार आलं, संपलेले करार पुन्हा करायचे नाहीत असं ठरलं आणि 1910 पर्यंत शेवटचे मजूरही परत पाठवले गेले.

आता मला चीन सरकारची बाजू हवी आहे. 1904 च्या मे महिन्यात ब्रिटन आणि चीन यांच्यात या मजुरांबद्दल करार झाला होता आणि त्यानंतर जोहान्सबर्गात चीनचा कॉन्सुल जनरल म्हणजे महावाणिज्यदूतही नेमला गेला. म्हणून ‘जीओव्ही’च्या सूचीत ‘कॉन्सुल’ हा शब्द टाकून नव्याने सुरुवात केली आहे. या वाटेने आधी कोणी गेलं असेल तर खंड क्रमांक जरूर कळवा.