बद्धकोष्ठ : माझा अनुभव आणि ऑफिसमधलं ते कुलूप

बद्धकोष्ठाचं नाव काढलं की भरपूर पाणी पी, पालेभाज्या खा, चालायला जा, एवढं कुणीही सांगतं. सल्ला बरोबर आहे. मी तो पाळते आणि त्याचा गुण येतो. पण एवढं पाणी प्यायल्यावर नोकरी करणाऱ्या बाईने जायचं कुठे, हे त्यात कुणी सांगत नाही. माझं घोडं तिथेच अडलं होतं. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

मी ठाण्यात राहते, नोकरी महापेच्या एमआयडीसीत, अकाउंट्समध्ये. सकाळी पोळ्या, दोन डबे, मुलाची स्कूल बस, मग ट्रान्स हार्बरची गाडी, कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षा. ज्यांचा असा दिनक्रम आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. चहा आणि दोन घास पोटात गेले की कळ येते, आणि नेमकी तेव्हा मी दहा नंबरच्या फलाटावर उभी असते. घरातून अजून लवकर उठून बघितलं, पण उपाशीपोटी काही होत नसे. मग कळ दाबायची, ऑफिसला पोचेपर्यंत ती गेलेली असायची. आठवड्यातून दोनदा जेमतेम पोट साफ होई, तेही कुंथून. पोट गच्च, तोंडाला चव नाही, संध्याकाळी डोकं दुखायचं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पोट तपासलं, थायरॉईडची रक्ततपासणी करून घेतली (थायरॉईड मंदावला तरी पोट साफ होत नाही), ती नॉर्मल आली. शौचात रक्त जातं का, वजन आपोआप कमी झालंय का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे विचारलं. यातलं काही असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकदम बदलली असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “कळ येते केव्हा, आणि तेव्हा तुम्ही कुठे असता?” एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, आणि सकाळच्या वेळी तो सगळ्यात जोरदार असतो. तेव्हा गेलं नाही तर कळ ओसरते. मळ मात्र आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि त्याचा खडा होतो. वारंवार दाबत राहिलं तर कळ यायचीच कमी होते. म्हणजे खाण्याइतकीच जाण्याची वेळ महत्त्वाची. नाश्त्यानंतर वीस मिनिटं ते अर्ध्या तासात, घरी जमत नसेल तर ऑफिसला पोचल्यावर काहीतरी खाऊन, पण रोज एकाच वेळी जाऊन बसायचं. घरी माझं जमण्यासारखं नव्हतं. राहिलं ऑफिस.

आणि ऑफिसमध्ये लेडीज टॉयलेटला कुलूप.

बाहेरची माणसं वापरतात आणि घाण करतात, हे त्याचं कारण. किल्ली रिसेप्शनला, वॉचमनच्या टेबलावर. किल्लीला हाताच्या पंजाएवढा लाकडी ठोकळा सुतळीने बांधलेला, कुणी पर्समध्ये टाकून नेऊ नये म्हणून. शेजारी लाल पेनाने रकाने आखलेलं रजिस्टर: नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सही. सकाळी रिसेप्शनला कुरिअरवाले, टेम्पोचे ड्रायव्हर, सॅम्पल घेऊन आलेले लोक, सगळे बसलेले. त्यांच्यासमोर तो ठोकळा उचलायचा, वेळ लिहायची, आणि परत आल्यावर पुन्हा लिहायची. रजिस्टर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडं. कोण किती वेळ आत होतं ते येणारा-जाणारा वाचू शकतो. पुरुषांच्या टॉयलेटला ना कुलूप ना रजिस्टर.

आमच्या मजल्यावरच्या बायकांनी यावर एकच उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. सकाळी चहा, जेवणानंतर दोन घोट, बस. एकीला लघवीचं इन्फेक्शन परत परत व्हायचं, बाकी बहुतेकींना माझ्यासारखाच त्रास. पण हे चारचौघांत बोलायचं नसतं म्हणून प्रत्येक जण आपापल्या घरी एरंडेल नाहीतर चूर्ण घेत होती.

मी आधी अ‍ॅडमिनला तोंडी सांगितलं. “बघतो मॅडम.” गणपती झाले, काही हललं नाही. पुन्हा गेले तर म्हणाले, हे एचआरचं काम. एचआर म्हणाले, मेल टाका. मेल टाकला. उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव ही व्यवस्था आहे. सुरक्षा कशाची, ते लिहिलं नव्हतं. मग मी किल्ली दोन-तीन ठिकाणी ठेवा, रजिस्टर तरी काढा, असं सुचवलं. त्यावर कळवलं की इमारत भाड्याची आहे, दरवाज्यात बदल करायला मालकाची परवानगी लागेल. कुलूप लावताना ती लागली होती का, याला उत्तर नाही. दसरा गेला. मधल्या काळात मी इसबगोल वाढवून बघितलं, पण पाणी कमी आणि इसबगोल जास्त, म्हणून पोट आणखीच जड झालं. कुलूप निघाल्याशिवाय बाकीचे उपाय लागू पडणार नव्हते, हे तेव्हा पक्कं झालं.

यातून जाणाऱ्यांसाठी, काय उपयोगी पडलं ते नीट सांगते. पहिलं, एकटीने तक्रार करू नका. मी मजल्यावरच्या सगळ्या जणींशी जेवणाच्या सुट्टीत बोलले आणि अर्जावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सुरुवातीला दोघी लाजल्या, नंतर त्यांनीच भाषा सुधारून दिली. दुसरं, अर्जात “गैरसोय होते” एवढंच लिहू नका, कायद्याचं नाव घाला. कारखान्यांसाठी तेव्हा 1948 चा फॅक्टरी अ‍ॅक्ट होता (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता आली आहे). त्याच्या कलम 19 प्रमाणे शौचालय कामगारांना कामाच्या पूर्ण वेळात वापरता आलं पाहिजे आणि बायकांसाठी वेगळी, आडोशाची सोय पाहिजे, असा नियम होता. ऑफिस-दुकानांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यातही स्त्री-पुरुषांसाठी पुरेशी शौचालयं देणं मालकावर बंधनकारक आहे. तिसरं, डॉक्टरांची चिठ्ठी. माझ्या डॉक्टरांनी दोन ओळीत लिहून दिलं की ठरावीक वेळी शौचालय वापरता येणं आणि पुरेसं पाणी पिणं रुग्णासाठी आवश्यक आहे. हे सगळं जोडून अर्ज थेट वरच्या साहेबांना दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका.

त्याच आठवड्यात सुतार आला. बाहेरचं कुलूप निघालं, आतून चांगली कडी बसली, रजिस्टर गेलं. कचऱ्याचा डबा आणि हँडवॉश आम्ही त्याच अर्जात मागितलं होतं, तेही आलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता, आणि आम्ही हे मिळवलं याचा मला अभिमान आहे.

पुढचं सोपं होतं. ऑफिसला पोचले की कोमट पाणी, डब्यातलं केळं किंवा थोडं थालीपीठ, आणि मग जाऊन बसायचं. सुरुवातीला नुसतंच बसून परत येत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जोर करायचा नाही, दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, मोबाईल आत न्यायचा नाही. हळूहळू शरीराने वेळ धरली.

कमोड असेल तर पायाखाली स्टूल घ्या. घरी मी मुलाचं प्लास्टिकचं बुटकं स्टूल वापरते. गुडघे कमरेच्या वर आले, किंचित पुढे वाकलं की उकिडवं बसल्यासारखी स्थिती होते, गुदद्वाराकडचा मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे भारतीय पद्धतीचा संडास जमत नाही, त्यांनाही याचा फार उपयोग झाला.

खाण्याचं म्हणाल तर रात्रीचा भात कमी करून भाकरी सुरू केली. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, बाजरी-नाचणीत 11 च्या आसपास, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 3 सुद्धा नाहीत. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत, म्हणजे नुसत्या वरणभातावर भागणार नाही. जांभळी नाक्याच्या मंडईतून आठवड्याची भाजी येते, त्यात मेथी, माठ, गवार, शेवग्याच्या शेंगा ठरलेल्या. पेरू बियांसकट खा. मटकी, चवळी, हरभरा आलटून पालटून. पण एकदम सगळं वाढवू नका, पोटात गॅस धरतो आणि लोक कंटाळून सोडून देतात. आठवड्याला एकेक गोष्ट वाढवत न्या.

इसबगोल मी अजून घेते, पण आता मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून, लगेच, आणि वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाण्याने कधीही गिळू नका, ते फुगतं आणि घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. बाकीची औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. चूर्णाच्या डब्यावर घटक वाचा. सोनामुखी असेल तर ते आतड्याला ढोसून काम करवतं. कधीतरी ठीक आहे, रोज वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेऊ नका.

रविवारी उशिरा उठून सगळी घडी मोडते, सोमवारी पुन्हा पोट जड. म्हणून सुट्टीच्या दिवशीही मी नाश्ता त्याच सुमाराला करते, मग पाहिजे तर परत झोपते. संध्याकाळी ठाणे स्टेशनहून रिक्षा न करता चालत घरी येते, वाटलं तर तलावपाळीला एक फेरी.

ज्या बायका हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या घेतात त्यांनी एक लक्षात ठेवा: या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होतं आणि शौचाचा रंग काळसर होतो. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. माझ्या डॉक्टरांनी ती दिवसाआड करून दिली, त्रास कमी झाला, आणि पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिनही वाढलेलं आलं.